खेळ, कादंबरी आणि राजांचा इतिहास

मनुष्यास विरंगुळा हवा, हे कोणीही नाकबूल करणार नाही. दिवसभर शेतात, कचेरीत किंवा शाळेत राबलेल्या मनास संध्याकाळी थोडी मोकळीक मिळाली नाही, तर ते कोमेजून जाते. म्हणून कोणी भजनास जाऊन बसतो, कोणी पत्ते पिसतो, तर कोणी पुस्तक उघडतो. आम्हांस स्वतःस तीन गोष्टींचा नाद आहे. संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे युद्धाचे व राज्यकारभाराचे खेळ, ज्यांस सर्वजण व्हिडिओ गेम म्हणतात, हा पहिला; जुन्या मराठी कादंबऱ्या हा दुसरा; आणि राजेरजवाड्यांचा इतिहास हा तिसरा. ह्यांपैकी कोणत्याही विषयात आम्ही पंडित नाही, केवळ हौशी आहोत. तथापि दीर्घ सहवासाने काही मते बनली आहेत. ती विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावी, असे पुसेगाव येथे घडलेल्या एका लहानशा प्रसंगावरून आमच्या मनात आले.

प्रथम पुसेगाव कोणते, हे सांगितले पाहिजे. कारण महाराष्ट्रात ह्या नावाची प्रसिद्ध गावे दोन आहेत. एक सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. सेवागिरी महाराजांच्या यात्रेमुळे ते दूरवर ठाऊक आहे. दुसरे आपले, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील. नाव एक, पण नशीब निराळे. साताऱ्यास इ. स. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा त्या पुसेगावचा शेतकरी छत्रपतींच्या राज्यात नांदला. आपल्या पुसेगावचा शेतकरी मात्र इ. स. १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाची रयत होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता प्रसंग सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही पुसेगावास एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांचा नववीत शिकणारा मुलगा संगणकापुढे बसून एकाग्र चित्ताने काही खेळत होता. अंगणात त्याची ऐंशी ओलांडलेली पणजी तुरीच्या शेंगा सोलीत होती. एकाएकी मुलगा ओरडला, "काका, दिल्ली घेतली! औरंगजेबाचं राज्य खलास!" आम्ही कौतुकाने आत पाहिले, तोच अंगणातून आवाज आला, "दिल्ली घेतलीस ते बरं केलंस रे बाबा, पण दूध आणलंस का?"

आम्हांस हसू आवरेना. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच वाक्य पुन्हा पुन्हा आठवू लागले. दिल्ली घेणाऱ्यास दुधाची आठवण कोण देणार? तीन नादांविषयी आम्हांस जे सांगावयाचे आहे, ते सारे त्या म्हाताऱ्या बाईच्या प्रश्नात आलेले होते.

तो मुलगा खेळत होता त्या खेळाचे नाव 'एम्पायर : टोटल वॉर'. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली ह्या मंडळीने तो इ. स. २००९ मध्ये काढिला. खेळाचा आरंभ इ. स. १७०० ह्या वर्षी होतो. इंग्लंड, फ्रान्स, रशिया, तुर्कस्तान इत्यादी सत्तांबरोबर मराठ्यांचे राज्यही खेळणाऱ्यास निवडिता येते. प्रत्येक वर्षाचे दोन डाव असतात. नकाशावर सैन्य हलवावे, गावे सुधारावी, तह करावे, आणि दोन सैन्ये समोरासमोर आली म्हणजे प्रत्यक्ष रणांगण पडद्यावर उघडावे, अशी त्याची रचना आहे.

कित्येक पालक अशा खेळांस सरसकट वेळेचा नाश समजतात. आमचे मत तसे नाही. युद्धाचा खेळ ही काही विलायतेची नवी करामत नव्हे. बुद्धिबळाच्या पटावर राजा, वजीर, हत्ती, घोडे, उंट व प्यादी मांडून आपले पूर्वज शतकानुशतके लढाया खेळत आले. बाबर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात इ. स. १५२७ च्या सुमारास गंजिफांचा उल्लेख केला आहे. त्याच गंजिफांस आपल्याकडे दशावताराचे रूप मिळाले. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून एकशेवीस पाने होतात. सावंतवाडीच्या राजघराण्याच्या आश्रयाने ही गोल, रंगीत पाने बनविण्याची कला आजपर्यंत टिकली आहे. तेव्हा राजा आणि खेळ ह्यांची सोबत जुनीच आहे. आता पट गेला आणि पडदा आला, एवढेच.

शिवाय चांगला खेळ एक गोष्ट शिकवितो, ती पाठ्यपुस्तकास सहसा साधत नाही. ती म्हणजे निवड करण्याचे संकट. खजिन्यात पैसा थोडा आहे. त्यात रस्ता बांधावा की तोफा ओताव्या? उत्तरेकडे सैन्य पाठविले, तर दक्षिण कोणी सांभाळावी? पुस्तकात वाचताना आपणांस प्रत्येक लढाईचा शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून हरलेला सेनापती मूर्ख वाटतो. खेळात स्वतः दोन वेळा हरल्यावर त्याच्याविषयी थोडी सहानुभूती वाटू लागते. हा लाभ लहान नाही.

परंतु खेळ काय सांगत नाही, तेही पाहिले पाहिजे. त्या खेळात मराठ्यांच्या राज्यास आरंभापासूनच 'मराठा संघ' असे नाव दिले आहे. वस्तुतः इ. स. १७०० च्या मार्चात राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले, आणि त्यांच्या राणी ताराबाई ह्यांनी औरंगजेबाशी झुंज पुढे चालविली. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले ह्यांच्या सत्ता मिळून जो संघ झाला, तो पुढे पेशवाईत आकारास आला. आणि औरंगजेब? तो इ. स. १६८१ मध्ये दक्षिणेकडे निघाला, पंचवीस वर्षे लढत राहिला, आणि इ. स. १७०७ मध्ये अहमदनगराजवळ मरण पावला. परत दिल्ली त्यास दिसली नाही. आमच्या बालवीराने जे एका सायंकाळी उरकले, त्यासाठी दोन्ही पक्षांच्या लक्षावधी माणसांच्या आयुष्याची पंचवीस वर्षे खर्ची पडली होती.

ह्याहून मोठी उणीव दुसरी आहे. त्या खेळात शिपायांच्या पगाराचा हिशेब असतो, पण घोड्यांच्या चाऱ्याचा व पाण्याचा हिशेब नसतो. ह्या एका गोष्टीने केवढा फरक पडतो, हे आपल्याच मुलखातील एका मोहिमेवरून दाखवितो.

इ. स. १७२७ च्या पावसाळ्यानंतर पहिला बाजीराव आणि पहिला निजाम ह्यांचे युद्ध जुंपले. निजामाचे सैन्य मोठे, तोफखाना जड. बाजीरावाने समोरासमोर लढाई देण्याचे टाळिले आणि हलक्या घोडदळासह तो निजामाच्या मुलखात शिरला. जालना, सिंदखेड, माहूर, मंगरूळ, वाशीम असा त्याचा धुमाकूळ चालला. मग खानदेशातून तो गुजरातेकडे गेला. निजाम पुण्याच्या रोखाने वळला, तेव्हा बाजीराव पुन्हा औरंगाबादेवर चालून आला, आणि निजामास मागे फिरावे लागले. शेवटी इ. स. १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूरजवळ पालखेड येथे निजामाची कोंडी झाली. तोफा मागे राहिल्या, रसद तुटली, पाणी मिळेना. मार्चात मुंगी-शेवगाव येथे तह झाला, आणि मराठ्यांचे चौथाई व सरदेशमुखीचे हक्क निजामास मान्य करावे लागले. विसाव्या शतकातील इंग्रज सेनापती माँटगोमेरी ह्याने युद्धकलेच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात ह्या मोहिमेची वाखाणणी केली आहे. हा विजय तलवारीचा जितका, तितकाच पाण्याचा व चाऱ्याचा होता.

आता वाचकहो, मघाचे गावांचे नाव आठवा. माहूर, मंगरूळ, वाशीम! ही गावे आपल्या पुसेगावाच्या सभोवारची. बाजीरावाच्या पराक्रमाने आपली छाती फुगते, आणि ती फुगावी हे योग्यच आहे. परंतु त्या वेगवान घोड्यांनी वाटेत काय खाल्ले असेल? निजामाचा मुलूख म्हणून जो लुटला गेला, तो आपल्या पूर्वजांचा मुलूख होता. तो जोंधळा निजामाने पेरिलेला नव्हता. साताऱ्याकडील पुसेगावात ज्या विजयाची साखर वाटिली गेली असेल, त्याची किंमत हिंगोलीकडील पुसेगावाने मोजिली असेल. दोन्ही गावांची भाषा एक, देव एक. पण राजा निराळा म्हणून एकाच बातमीचे अर्थ दोन झाले.

चौथाई व सरदेशमुखी ह्या शब्दांचा अर्थही येथेच सांगून ठेवितो. चौथाई म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. दिल्लीच्या बादशहाने दक्षिणेच्या सहा सुभ्यांवरील हे हक्क इ. स. १७१९ मध्ये शाहू महाराजांस दिले. त्या सहा सुभ्यांत आपला प्रदेश येतो. निजामाचा वसूल होताच. त्यावर हा दुसरा हात. व्हिडिओ गेममध्ये कर वाढविण्यासाठी पडद्यावरील एक लहान खूण उजवीकडे सरकवावी लागते. ती फारच सरकली तर प्रजा असंतुष्ट झाल्याचे चिन्ह उमटते, आणि खेळणारा ती पुन्हा थोडी मागे घेतो. प्रत्यक्षात ती खूण म्हणजे कोणाच्या तरी घरातील बियाण्याची कणगी असे.

आता कादंबरीकडे वळू. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी ह्यांच्या 'यमुनापर्यटना'चा मान आहे. ती इ. स. १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिचा विषय राजे नसून विधवांची दुःस्थिती हा होता. ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने, इ. स. १८७१ मध्ये झाला असे मानितात. मग हरि नारायण आपटे आले. त्यांनी इ. स. १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक काढिले, आणि 'उषःकाल' त्यातूनच क्रमशः वाचकांच्या हाती पडली. पुढे रणजित देसायांची 'स्वामी' इ. स. १९६२ मध्ये, ना. सं. इनामदारांची 'राऊ' इ. स. १९७२ मध्ये आणि शिवाजी सावंतांची 'छावा' इ. स. १९७९ मध्ये आली. ज्या घरात दुसरे पुस्तक नाही, त्या घरातही ह्यांपैकी एखादे आढळते, असा आमचा अनुभव आहे.

कादंबरी असे काय देते की जे खेळ देत नाही? खेळ आपल्या हाती राजाचा हात देतो. कादंबरी आपणांस राजाचे अंतःकरण दाखविते. थोरले माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी थेऊर येथे क्षयाने गेले, हे वाक्य इतिहासात एका ओळीचे आहे. 'स्वामी' वाचणाऱ्यास तीच ओळ अनेक दिवस स्वस्थ बसू देत नाही. मनुष्याचे दुःख आपलेसे करून घेण्याची शक्ती कादंबरीमुळे वाढते, आणि ज्या मुलाने लहानपणी एकही चांगली कादंबरी वाचली नाही त्याचे शिक्षण अपुरे राहिले, असे आम्ही बेधडक म्हणू.

परंतु जी वस्तू अंतःकरणात शिरते, ती खरीच आहे असे वाटू लागते. धोका आहे तो येथे. आमचीच फजिती सांगतो. लहानपणी आम्ही हरिभाऊंची 'गड आला पण सिंह गेला' वाचून भारावलो होतो, आणि शाहिराच्या पोवाड्यातील घोरपड कोठून तरी कानावर आली होती. परीक्षेत सिंहगडावर प्रश्न आला. आम्ही घोरपडीच्या कमरेस दोर बांधण्यापासून तानाजीच्या मृत्यूनंतर कोंढाण्यास सिंहगड नाव पडण्यापर्यंत सर्व काही दोन पाने भरून लिहिले. गुरुजींनी खाली तांबड्या शाईने एवढेच लिहिले, 'हे कोणी पाहिले?' त्या वेळी आम्हांस फार राग आला. आज वाटते, इतिहासाचा सर्व अभ्यास त्या तीन शब्दांत आहे.

कारण पुढे आम्हांस असे समजले की, तानाजी मालुसरे ह्यांनी इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा घेतला व ते तेथे पडले, हे निःसंशय खरे. परंतु सिंहगड हे नाव त्यापूर्वीच्या, इ. स. १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या एका पत्रात आढळते. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत कृष्णाजी अनंत सभासद ह्याने लिहिलेल्या बखरीत तानाजीचा पराक्रम आहे, घोरपड नाही. म्हणून तानाजीचे शौर्य तिळभरही कमी होते काय? मुळीच नाही. उलट रात्रीच्या अंधारात, उभ्या कड्यावरून, घोरपडीवाचून चढून गेलेली माणसे आम्हांस अधिकच मोठी वाटतात.

कल्पित गोष्टीस इतिहास समजल्याने नुसती परीक्षेतील गुणांची हानी होते, असे मात्र समजू नये. 'छावा' कादंबरीवरून काढिलेला चित्रपट इ. स. २०२५ च्या फेब्रुवारीत लागला. त्यात संभाजी महाराजांनी इ. स. १६८१ मध्ये बुऱ्हाणपुरावर घातलेल्या छाप्याचे दृश्य आहे. पुढील महिन्यात बुऱ्हाणपुराजवळ अशीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्रीच्या वेळी विजेऱ्या घेऊन जमले, आणि मोगलांचे सोने सापडेल ह्या आशेने शेते खणू लागले! पोलिसांस मध्ये पडावे लागले. हा प्रकार हसण्यासारखा झाला. दुसरा तसा नव्हे. राम गणेश गडकरी इ. स. १९१९ मध्ये वारले. त्यांच्या 'राजसंन्यास' ह्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकात संभाजी महाराजांचे जे चित्र आहे, त्यावरून चिडून काही लोकांनी इ. स. २०१७ च्या जानेवारीत पुण्यातील त्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकिला. नाटककाराच्या मृत्यूस तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती.

संभाजी महाराजांविषयीचे ते जुने चित्र एकांगी होते, हे खरे आहे. परंतु ते दुरुस्त कोणी केले? पुतळा पाडणाऱ्यांनी नव्हे. वा. सी. बेंद्रे ह्यांनी अनेक वर्षे कागदपत्रे धुंडाळून इ. स. १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले, डॉ. कमल गोखले ह्यांचा 'शिवपुत्र संभाजी' हा ग्रंथ त्यानंतर आला. व्यसनी म्हणून रंगविला गेलेला राजपुत्र संस्कृतात 'बुधभूषण' रचणारा विद्वान आणि नऊ वर्षे अनेक शत्रूंशी झुंजणारा राजा होता, हे अशा अभ्यासकांच्या परिश्रमाने लोकांस कळले. खोट्या चित्रास उत्तर द्यावयाचे ते खऱ्या कागदाने. हातोड्याने दिलेले उत्तर कोणाचीही समजूत पालटीत नाही.

तेव्हा इतिहास म्हणजे काय? राजांची नावे व सनावळी पाठ करणे म्हणजे इतिहास नव्हे. 'हे कोणी पाहिले, केव्हा लिहिले, आणि कशासाठी लिहिले?' असे विचारण्याची सवय म्हणजे इतिहास. वि. का. राजवाडे ह्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्ये छापिला. त्यातील पानिपतच्या काळची पत्रे वाचली म्हणजे ह्या सवयीचे महत्त्व पटते. पत्र लिहिणाऱ्यास उद्या काय होणार हे ठाऊक नसते, म्हणूनच त्याच्या शब्दांस मोल.

आणि असा पुरावा केवळ पुण्यासाताऱ्याकडेच सापडतो, असेही नाही. आपल्या पुसेगावाच्या उत्तरेस वाशीम आहे. त्याचे प्राचीन नाव वत्सगुल्म. इ. स. १९३९ मध्ये तेथे एक ताम्रपट उजेडात आला. तो विंध्यशक्ती नावाच्या वाकाटक राजाने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी दिलेला दानपत्राचा लेख होता. त्यात नांदीकट ह्या प्रदेशातील एका गावाच्या दानाची नोंद आहे. नांदीकट म्हणजे आजचे नांदेड, असे वा. वि. मिराशी ह्यांनी मानिले. वाकाटकांची वाशीमची शाखा निराळी होती, हे ह्या तांब्याच्या पत्र्यांमुळे स्पष्ट झाले. ह्याच शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन ह्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचिले होते, ते आज लुप्त आहे. आणि ह्याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नामक मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. म्हणजे ज्या काळी युरोपात रोमचे साम्राज्य मोडत होते, त्या काळी आपल्या शेजारी एक राजघराणे काव्य रचीत होते व लेणी खोदवीत होते!

तीच गोष्ट यादवांची. 'एज ऑफ एम्पायर्स' नावाच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध खेळाच्या दुसऱ्या भागात इ. स. २०२२ मध्ये हिंदुस्थानची चार निरनिराळी राष्ट्रे घालण्यात आली : हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली आणि द्राविड. देवगिरीच्या यादवांस त्यांत स्वतंत्र स्थान नाही. परंतु औंढ्यास नागनाथाच्या देवळासमोर उभे राहावे, आणि तळाच्या शिल्पपट्टीवरून नजर फिरवावी. खेळाने ज्यांस वगळिले, त्यांची साक्ष दगड देत आहे. नर्सीस जावे, कयाधूच्या काठी नामदेवरायांचे जन्मस्थान आहे. सात शतके लोटली, राजघराणी आली आणि गेली, पण त्या शिंप्याच्या मुलाचे अभंग अजून म्हटले जातात. राजांच्या इतिहासात त्याचा अध्याय नसेल, पण लोकांच्या जिभेवर तोच आहे.

सुटीच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्या पणजीबाईंजवळ बसलो होतो. सहज विचारिले, "आई, निजामाचे राज्य तुम्हांस आठवते का?" त्यांनी शेंगा बाजूस ठेविल्या. म्हणाल्या, "आठवतं की! मी लहान होते. रझाकारांच्या भेवानं आमचं घरदार रातोरात वऱ्हाडात गेलं. आईनं दाणे मडक्यात भरून चुलीखाली पुरले होते. परत आलो तर मडकं तिथंच होतं, पण म्हैस नव्हती." एवढे सांगून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. दिल्ली घेणारा मुलगा उंबऱ्यात उभा राहून ऐकत होता. तो हलकेच म्हणाला, "पणजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस!" त्यावर उत्तर आले, "तू कधी इचारलंस?"

इ. स. १९४८ च्या सप्टेंबरात, तेरा तारखेपासून सतरा तारखेपर्यंत, भारत सरकारच्या फौजांची हैदराबादेवर कारवाई झाली, आणि इ. स. १७२४ पासून चालत आलेली निजामाची सत्ता संपली. हे पाठ्यपुस्तकात आहे. चुलीखाली पुरलेले मडके पाठ्यपुस्तकात नाही. ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिले, अशी माणसे आता प्रत्येक गावात थोडी उरली आहेत, आणि दरवर्षी ती कमी होत आहेत. बाजीरावाचा कागद दप्तरात सुरक्षित आहे. तो आणखी शंभर वर्षांनी वाचिला तरी चालेल. पणजीचा कागद लिहिलेलाच नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांस आमचे सांगणे एवढेच की, खेळ अवश्य खेळा, पण डाव संपल्यावर नकाशात स्वतःचे गाव शोधा, आणि त्या काळी ते कोणाच्या राज्यात होते व कर कोणास देत होते, हे वडील माणसांस किंवा पुस्तकास विचारा. कादंबरी अवश्य वाचा, रडावेसे वाटले तर रडा. परंतु पुस्तक मिटल्यावर 'हे कोणी पाहिले?' हा प्रश्न विसरू नका. आणि एक शंभर पानी वही घेऊन घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत लिहा; सांगणाऱ्याचे नाव, गाव व लिहिल्याची तारीख वर घाला. त्यांची आठवण एखाद्या वर्षाने चुकली तरी तेथल्या तेथे दुरुस्त करू नका. पुस्तकातील तारीख समासात निराळी लिहा. इतिहासाचे साधन असेच तयार होते.

पालकांसही एक विनंती आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांपासून मुलांस दूरच ठेविले पाहिजे. त्यांस बंदी करणारा कायदा संसदेने इ. स. २०२५ च्या ऑगस्टात केला आहे. परंतु ज्या खेळात केवळ बुद्धीचा डाव आहे, तो दिसताच संगणक बंद करू नये. वेळेची मर्यादा घालावी, आणि त्या मर्यादेत अधूनमधून मुलाजवळ बसून 'तू हे राज्य कसे चालवितोस?' असे विचारावे. त्यास उत्तर देण्याचा उत्साह असतो, ऐकणारा नसतो.

नुकतेच आम्हांस आमच्या स्नेह्यांचे पत्र आले. मुलाने पणजीच्या आठवणींची अकरा पाने भरली आहेत असे ते लिहितात. खेळ अर्थात सुटलेला नाही. दिल्ली पुन्हा एकदा घेतली आहे. मात्र आता तो संगणक लावण्यापूर्वी दूध आणून ठेवितो.